आईचा पाळणा आणि माझी एक ओळ

आमच्या कडाव गावात नेट जायला मोठं कारण लागत नाही. कुणी आंब्याची फांदी तोडली, जातं. वारा सुटला, जातं. काहीच झालं नाही तरी जातं, आणि कंपनीवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "मॅडम, आमच्याकडून तर सगळं व्यवस्थित दिसतंय." दिसत असेल बाबा. तुला दिसून माझं काम होत नाही.

मी घरी बसून लोकांचे सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब, थंडगार खोलीत ठेवलेलं मशीन. मी इथे पुढच्या खोलीत बसून काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करते आणि ते तिकडे कामाला लागतं. गावात हे कुणाला फारसं पटलेलं नाही. दादा, माझा मोठा भाऊ, साजगावला कारखान्यात शिफ्टवर जातो, ती नोकरी. माझं म्हणजे नुसतं बसणं. आई मात्र कुणी विचारलं की सांगायची, "ती मशिनींना जागं ठेवते." मी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. तिनंच बघून बघून ठरवलेलं.

नेट गेलं की ती काळी खिडकी मरते, आणि आत चालू असलेलं कामही तिच्याबरोबर मरतं. यावर टीमक्स नावाचा एक प्रोग्राम आहे. सर्व्हरवर शिरलं की आधी तो सुरू करायचा आणि सगळं काम त्याच्या आत करायचं. मग इकडे नेट जावो नाहीतर वीज जावो, तिकडचं काम चालूच राहतं, आणि परत आलं की टाकलेलं ताट तसंच समोर. गोम एवढीच, की तो आठवणीनं सुरू करावा लागतो. आणि मी विसरायची. दहा वेळा विसरले, दहा वेळा स्वतःला शिव्या घातल्या. गेल्या श्रावणात एकदा चार तासांचं काम शेवटच्या पाच मिनिटांत गेलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बस्स झालं. आता मला विसरायची सोयच ठेवत नाही.

माझं स्वतःचं एक भाड्याचं छोटं मशीन होतं. कामासाठी मी त्याच्यावरच लॉगिन करायची, आणि घरच्या कंप्युटरचा बॅकअपही तिथेच जायचा. कुणी लॉगिन केलं की ते मशीन आधी एक फाईल वाचतं आणि त्यात लिहिलंय तसं वागतं. त्या फाईलच्या अगदी डोक्यावर मी एक ओळ घातली: कुणीही येवो, आधी टीमक्स, दुसरं काही करायचं नाही.

त्या जागी आधीपासून चार ओळी होत्या. कुणीतरी शहाण्या माणसानं विचार करून लिहिलेल्या. त्या विचारायच्या, बाबा रे, समोर खरोखर माणूस बसलाय की नुसतं काम आलंय? नुसतं काम असेल तर ही फाईल वाचत बसू नकोस, थेट कामाला लाग. मी त्या ओळी रोज बघत होते. पण रागाच्या भरात माझी ओळ त्यांच्या खाली घालायची सोडून वर घातली. लॉगिन करून पाहिलं, टीमक्स झक्क उघडला. नेट काढून पाहिलं, परत लावलं, काम जागच्या जागी. मी टाळी वाजवली आणि चहा ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची. मलाच उद्देशून म्हणायची.

त्याच महिन्यात आईच्या घशाचं निघालं.

आवाज बसलाय, बसलाय, म्हणत आम्ही तिला दोन महिने हळद घालून दूध पाजलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, मशेरी लावता का म्हणून विचारलं, आणि आम्हाला बाहेर बोलावलं. कॅन्सर आहे, म्हणाले, जिवाला धोका आता नाही, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. त्यानंतर बोलणं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे हळू आवाजात बोलेल ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत सगळं पहिल्यापासून सांगितलं.

आईला आम्ही गाडीत सांगितलं. चौक गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आन् पाळना कोन म्हननार?"

वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. आमच्याकडे बारशाला बाळाच्या बापाची आई पाळणा म्हणते. चार कडवी सगळ्यांना येतात ती, आणि मग शेवटी तिचं स्वतःचं, त्या बाळापुरतं जोडलेलं. ते दुसऱ्या कुणी जोडायचं नाही आणि दुसऱ्या बाळाला म्हणायचं नाही. माझ्या वेळचं कडवं आईला पाठ होतं. चिडवायचं असलं की ते ऐकवायची, कारण त्यात माझ्या नाकाचा उद्धार होता. वडील मी दहावीत असताना गेले. तेव्हापासून तिची एकच ओढ, दादाचं लगीन आणि पहिला पाळणा. आणि आता बाळ यायच्या दोन महिने आधी गळा जाणार होता.

मी म्हटलं, "आई, त्यात काय? रेकॉर्ड करू की."

ती अशी दचकली, जसं काही मी भलतंच बोलले. बाळ व्हायच्या आधी रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि रिकाम्या पाळण्यावर गाणं म्हणायचं? शेजारची काकी म्हणाली, "नको गं बया, इषाची परीक्षा कशाला?" मी त्यांच्यावर उखडले, पुस्तकी बडबड केली, त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन दिवसांनी आईनंच तोड काढली. ती म्हणाली, "मी म्हनते. पन कुनी ऐकायचं नाय. तू बी नाय. कुनी ऐकलंच नाय तं म्हटलंच नाय. बारशाच्या दिशी पयल्यांदा पोराच्या कानावर जाईल. तवर त्याला हात लावायचा नाय, मोबाइलवर घालायचा नाय, कुनाला धाडायचा नाय. आन घे."

मी आण घेतली. हसत घेतली, पण घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, गणपती गेल्यावर, मी माझ्या कंप्युटरला चांगला माइक लावला. आई नवं लुगडं नेसली, तिनं केसांना तेल लावलं, जशी काही बायका जमणार होत्या. मी बटण दाबलं, लाल ठिपका दाखवला, झालं की हे दाब म्हणून सांगितलं. तिनं मला हातानं हाकललं. "गोठ्याकडं जा. दादाला बी ने." मी बाहेर पडले तसं तिनं आतून कडी घातली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि तरी काहीतरी जिंकून आल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, "झालं मनासारखं?" म्हणाली, "तुला काय करायचंय?"

फाईल अकरा मिनिटांची होती. मला त्या पाळण्याबद्दल एवढंच माहीत आहे.

दादा म्हणाला, एका पेन ड्राइव्हवर काढून देवाऱ्यात ठेवू का? मी त्याला हसले. म्हटलं, "दादा, हे माझं काम आहे ना रं? रोज पहाटे पाचला घरचं सगळं आपोआप तिकडे जातं. घराला आग लागली तरी पाळणा राहील." माझ्या कामात त्यानं कधी तोंड घातलं नव्हतं, आणि एकदा घातलं तर मी ते असं बंद केलं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. आई तिसरी शिकलेली. मी तिला शाळेतली पाटी आणून दिली, आणि ती पाटीवर बोलायला लागली, कमी शब्दांत, जसं बोलायची तसंच लिहून. तिची फजिती केली ती म्हशीनं. आमची म्हैस आई बोलल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. आई तिच्या पुढ्यात बसायची, थोपटायची, जिभेनं टकटक करायची, आणि म्हैस मान वळवून बघत राहायची, ही बाई गप्प का आहे म्हणून. चार दिवस धारा निघाल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्या टकटकीवरच तिनं दूध सोडलं. आई घरात येऊन पाटीवर लिहून गेली: "तिला कळलं."

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी ढग आले आणि आमच्या खांबावर वीज पडली. फ्रिज गेला, टीव्ही गेला, पंखा गेला, माझा कंप्युटर गेला. खोलीभर जळका वास. आईनं धावत येऊन आधी कंप्युटरकडे बोट दाखवलं, मग पाळणा हलवल्यासारखा हात केला. मी म्हटलं, "अगं वेडे, तो तिकडे आहे. तुझा पाळणा विजेच्या बापाला सापडायचा नाही." तिनं छातीवर हात ठेवला आणि हसली. मी नवा कंप्युटर घेतला, कामाला लागले. पाळणा तिकडे आहे का, हे मी बघितलं नाही. हात लावायचा नाही अशी आण होती, आणि खरं सांगायचं तर मला शंकाही आली नाही.

दिवाळीनंतर वहिनीला मुलगी झाली. नेरळला, तिच्या माहेरी. बारसं बाराव्या दिवशी. अकराव्या दिवशी दुपारी मी फाईल घ्यायला भाड्याच्या मशीनवर गेले. टीमक्स उघडला, अगदी शहाण्यासारखा. बॅकअपच्या फोल्डरमध्ये शिरले. शेवटची फाईल श्रावणातली होती.

मी आधी म्हटलं, चुकीच्या जागी आलेय. मग सगळं मशीन शोधलं. मग माझी ती ओळ दिसली, सगळ्यात वर.

रोज पहाटे पाचला घरचा कंप्युटर इमानानं दार वाजवत होता. तो माणूस नव्हता. त्याला खिडकी नव्हती, पडदा नव्हता, नुसत्या फाईली द्यायच्या होत्या. माझी ओळ त्याला म्हणायची, आधी टीमक्स. टीमक्सला उघडायला पडदा लागतो. तो म्हणायचा, इथे पडदाच नाही, आणि बंद व्हायचा. दुसरं काही करायचं नाही असं मीच लिहिलेलं, म्हणून दारही तिथेच लागायचं. त्या चार ओळी बिचाऱ्या खाली बसून होत्या, त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. आणि घरचा कंप्युटर हे रोज सांगतही होता. पण बॅकअपची रोजची पत्रं, म्हणजे ई-मेल, ही कटकट म्हणून ती मी वर्षापूर्वीच बंद करून टाकली होती. मी रोज त्या मशीनवर जात होते, तेव्हा सगळं नीट दिसायचं, कारण मी माणूस होते. नेटवाल्याला मी नावं ठेवायची, आमच्याकडून व्यवस्थित दिसतंय म्हणतो म्हणून. माझं तरी दुसरं काय चाललं होतं?

दुरुस्ती दोन मिनिटांची. ओळ त्या चार ओळींच्या खाली नेली. आधी विचार, समोर माणूस आहे का. मग विचार, आपण आधीच टीमक्सच्या आत तर नाही ना. आणि टीमक्स उघडला नाही तर तोंडावर दार लावू नकोस, साधं आत घे. पहिल्याच दिवशी अशी लिहिली असती तर आजही माझा विसराळूपणा झाकला गेला असता आणि पाळणाही पोचला असता. तसं शिकवायचे पैसे मी लोकांकडून घेते.

दादाला फोन केला. तो शिफ्ट अर्धी टाकून आला, जळक्या कंप्युटरची डिस्क माळ्यावरून काढली आणि मोटरसायकलवर घालून ठाण्याला घेऊन गेला. तिथल्या दुकानदारानं ती उघडून बघितली आणि म्हणाला, "दादा, चिपच भाजलीय. यात काही उरलं नाही." दादानं मला फोनवर एवढंच सांगितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आई गोठ्यात होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "आई, पाळणा गेला." तिनं मान वर केली. मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, माझीच चूक आहे हे तेवढं तीन-चारदा म्हटलं. तिचे हात सडांवर थांबले नाहीत. म्हशीनं पान्हा सोडला होता, तो मध्येच टाकता येत नाही. तिनं धार पूर्ण काढली, बादली उचलली, माझ्या बाजूनं आत गेली. पाटी खुंटीलाच राहिली. त्या संध्याकाळी तिनं पाटी घेतलीच नाही.

नेरळच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये खाली हॉल आहे, तिथे बारसं झालं. पाळणा फुलांनी सजवला होता. वहिनीच्या आईनं सगळ्या बायकांना आधीच सांगून ठेवलेलं, आजीचा आवाज ऐकायचाय बरं का, जाऊ नका. त्यांनी स्पीकरसुद्धा आणून ठेवला होता. "लावा आता," त्या म्हणाल्या. दादा पुढे झाला आणि म्हणाला, "खराब झाला तो. तुमीच म्हना." बायकांनी चुकचुक केली आणि सगळ्यांना येतात ती चार कडवी म्हटली. आई पाळण्याची दोरी धरून बसली होती. चौथं कडवं संपलं, बायका थांबल्या. तिथे तिचं यायचं होतं. आई दोरी हलवत राहिली. कुणाला काय करावं कळेना, मग कुणीतरी म्हणालं, "चला, आत्याबाई, नाव सांगा."

आत्या मी. बाळाच्या कानाशी वाकून मी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत गुद्दे घातले. हसत घालतात ते, हलकेच. मला त्या दिवशी वाटत होतं, घाला गं, अजून जोरात घाला.

घरी आलो. आईनं पाय धुतले, गळ्याचं फडकं बदललं आणि खुंटीवरची पाटी काढून माझ्याजवळ येऊन बसली. लिहिलं: "मला समदं आठवत नाय. म्हनता म्हनता सुचलं तसं म्हटलं व्हतं." मी वाचलं. तिनं पुसलं. परत लिहायला घेतलं.

"तू दाराशी उभी व्हतीस ना?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. ती आशेनं बघत होती. मी लहानपणापासून दाराला कान लावणारी पोर. माझ्या लग्नाची बोलणी, दादाची भांडणं, तिचं एकटीचं रडणं, सगळं मी दाराआडून ऐकलेलं, आणि त्याबद्दल तिचा मारही खाल्लेला. माझ्या आणेवर तिनं मनातून कधी विश्वास ठेवलाच नव्हता. अकराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून ती त्याच भरवशावर बसली होती, की ही कार्टी नक्की कडीला कान लावून उभी असणार, हिला थोडं तरी येत असणार.

हो म्हणावंसं वाटलं. पण हो म्हटलं असतं तर तिनं पाटीवर लिहिलं असतं, मग म्हण.

"नाय गं आई," मी म्हटलं. "गोठ्यात होते. शेवटपर्यंत. तू सांगितलं होतंस ना."

तिनं मान हलवली, पदरानं पाटी पुसली आणि लिहिलं, "बरं केलंस."

आयुष्यात एकदाच मी तिचं निमूटपणे मानलं होतं, ते हे. त्या पाटीवर डोकं टेकून मी ओक्साबोक्शी रडले, आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.